राजाला लिहिलेली पत्रे

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतल्या एका नगरपालिकेच्या सभागृहात २०१४ साली मी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतले. भिंतीवर राणी एलिझाबेथची तसबीर होती, महापौरांच्या गळ्यात पदाची साखळी होती आणि समारंभ आटोपल्यावर प्रत्येक नव्या नागरिकाच्या हातात इथल्याच मातीतल्या झाडाचे एकेक रोप ठेवण्यात आले. शपथेच्या कागदावर मात्र राणीचे नाव नव्हते. ऑस्ट्रेलिया आणि इथली जनता यांच्याशी मी एकनिष्ठ राहीन, त्यांच्या लोकशाही श्रद्धा मला मान्य आहेत, त्यांच्या हक्कांचा मी आदर करीन आणि त्यांचे कायदे पाळीन, एवढीच ती शपथ. जानेवारी १९९४ पर्यंत नव्या नागरिकाला राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठा वाहावी लागे. तेव्हापासून ती ओळ गेली. पण त्याच नागरिकाने मत देऊन संसदेत पाठवलेल्या प्रतिनिधीला, राज्यघटनेच्या ४२व्या कलमाप्रमाणे, राजाशी आणि त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतल्याखेरीज आजही सभागृहात बसता येत नाही. मतदाराची निष्ठा जनतेशी आणि त्याच्या प्रतिनिधीची राजाशी, अशी ही उफराटी व्यवस्था आहे, आणि तीस वर्षांत ती कोणी सरळ केलेली नाही.

ऑस्ट्रेलियाच्या लोकांना राजाचे प्रेम आहे म्हणून प्रजासत्ताक आले नाही, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. मला ते पटत नाही. इथली प्रजासत्ताकाची भावना दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि अनेकदा ती बहुमताच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेली आहे. प्रत्येक वेळी ती ‘राजा नको’ इथवर येऊन थांबली. राजाच्या नावाने जी सत्ता रोज वापरली जाते, ती यापुढे कोणी, किती आणि कोणाच्या वतीने वापरायची, हे स्वच्छ शब्दांत लिहून काढण्याचे काम तिने टाळले. तिचा पराभव त्या टाळाटाळीत आहे, असे मला या इतिहासावरून दिसते.

आपल्या ‘प्रजासत्ताक’ या शब्दातही ही अडचण दडलेली आहे. प्रजा म्हणजे मुळात संतती. राजा बाप आणि लोक लेकरे, अशी त्या शब्दामागची कल्पना. ‘यथा राजा तथा प्रजा’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रजेला राजावाचून अस्तित्वच नसते. सत्ता हाती आली की प्रजेचा नागरिक व्हावा लागतो. ऑस्ट्रेलियात तर ‘ऑस्ट्रेलियन नागरिक’ ही कायदेशीर ओळखच २६ जानेवारी १९४९ पर्यंत नव्हती. त्या दिवशी नागरिकत्वाचा कायदा अमलात आला. भारताच्या प्रजासत्ताकाच्या बरोबर एक वर्ष आधी. तोवर इथे जन्मलेला प्रत्येक माणूस केवळ ब्रिटिश प्रजाजन होता, आणि त्यानंतरही अनेक वर्षे तो कायद्याने नागरिक आणि ब्रिटिश प्रजाजन असा दोन्ही राहिला.

या भावनेची सुरुवात शोधायची तर १८५० च्या दशकात जावे लागते. जॉन डनमोर लँग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने सिडनीत व्याख्याने देऊन ब्रिटनपासून वेगळे होण्याची आणि वसाहतींचे संयुक्त प्रजासत्ताक उभारण्याची मागणी उघडपणे मांडली. १८५३ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये वंशपरंपरागत सरदारांचे सभागृह स्थापण्याची योजना विल्यम वेंटवर्थ यांनी आणली, तेव्हा डॅनियल डेनिही या तरुण वकिलाने तिला ‘बनिप सरदारशाही’ असे नाव दिले. बनिप हा इथल्या आदिवासींच्या कथांतला दलदलीत राहणारा प्राणी. त्या एका शब्दाने योजनेची जी शोभा झाली, तीतून ती सावरली नाही. पुढल्याच वर्षी बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर युरेकाचा उठाव झाला. खाणकामगारांना परवान्यासाठी पैसे भरावे लागत, पोलीस परवाने तपासण्याच्या निमित्ताने त्यांना छळत आणि मताचा हक्क त्यांना नव्हता. निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि तारे शिवलेल्या झेंड्याखाली त्यांनी एकमेकांना साथ देण्याची आणि आपल्या हक्कांसाठी लढण्याची शपथ घेतली. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने त्यांचा लाकडी कोट मोडला. वीसहून अधिक खाणकामगार मारले गेले. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात १३ जणांना उभे केले, पण मेलबर्नच्या ज्युरींनी एकालाही दोषी ठरवले नाही. त्यांचा नेता पीटर लॅलर पुढे १८८० साली व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा अध्यक्ष झाला. तो झेंडा आजही बॅलरॅटला जपून ठेवलेला आहे. त्याच्या कडेचे तुकडे लोकांनी आठवण म्हणून कापून नेले आहेत. युरेकाचे लोक प्रजासत्ताकवादी होते की केवळ परवान्यावर चिडलेले होते, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ती शपथ एकमेकांना दिलेली होती; तिच्यात राणीचे नाव नव्हते. १९९४ साली नव्या नागरिकांच्या शपथेतून राणी गेली, तेव्हा नकळत का होईना, तिच शपथ परत आली.

१८८० नंतरची लाट याहून मोठी होती आणि तिच्याबद्दल बोलताना मला संकोच वाटतो. जून १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी सिडनीत बोलावलेली सभा प्रजासत्ताकवाद्यांनी आपल्या बाजूला वळवली. ‘बुलेटिन’ हे साप्ताहिक दर आठवड्याला राजघराण्यावर तुटून पडे आणि मेंढ्यांच्या कुरणांवरचे कामगारही ते वाचत. पण याच साप्ताहिकाने चिनी आणि इतर आशियाई लोकांविरुद्ध जे विष पेरले, ते त्याच्या प्रजासत्ताकवादापासून वेगळे काढता येत नाही. १९०८ पासून सुमारे अर्धशतक त्याच्या नावाखाली ‘ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी’ हे ब्रीद छापलेले असे. राजा नको, आणि चिनी, भारतीय, काळा माणूसही नको. उरेल ते ‘आपण’. ब्रिटनच्या राजवटीला त्यांचा एक आक्षेप असा होता की साम्राज्यात हिंदुस्थान आहे, म्हणून साम्राज्य गोऱ्यांच्या बाजूने पुरेसे ठामपणे उभे राहत नाही. १८९७ साली लंडनमध्ये वसाहतींच्या पंतप्रधानांना वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी बजावले, की कायद्यात वंशाचा आणि रंगाचा उघड उल्लेख करू नका, राणीच्या हिंदी प्रजाजनांचा तो अपमान ठरेल. त्यांनी पर्याय सुचवला तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा. गांधीजी जिथे हिंदी व्यापाऱ्यांच्या आणि मजुरांच्या हक्कांसाठी झगडत होते, त्याच नाताळमध्ये हिंदी लोकांना रोखण्यासाठी लेखी परीक्षेची अट घातलेली होती. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली तीच युक्ती उचलली. कोणत्याही युरोपीय भाषेतले ५० शब्दांचे श्रुतलेखन अधिकाऱ्याने सांगायचे आणि नको असलेला माणूस नापास करायचा.

साम्राज्याची ही सभ्यता वरवरची होती, हे सांगायला नको. हिंदुस्थानात त्याच राणीच्या प्रजेला मताचा हक्क नव्हता. तरीही ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मूठभर हिंदी लोकांच्या हाती ‘आम्हीही त्याच राजाचे प्रजाजन’ एवढाच एक युक्तिवाद होता. हिंदुस्थानातले उदारमतवादी नेते श्रीनिवास शास्त्री १९२२ साली इथे आले ते हाच युक्तिवाद घेऊन, आणि १९२५ मध्ये हिंदी रहिवाशांना केंद्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळाला तो त्याच्याच बळावर. म्हणून इथल्या प्रजासत्ताकाचा इतिहास मी वाचतो तेव्हा एका बाजूला लोकशाही आणि दुसऱ्या बाजूला राजेशाही, अशी सोपी मांडणी मला करता येत नाही. त्या काळच्या प्रजासत्ताकात माझ्यासारख्याला जागा नव्हती; जागा मागायला राजाचेच नाव लागत होते.

इथल्या मूळ रहिवाशांच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने खरे आहे. टार्नीटहून शहराकडे जाणारी माझी गाडी रोज फुट्सक्रे स्टेशनवर थांबते. त्या स्टेशनवरच्या पादचारी पुलाला विल्यम कूपर यांचे नाव आहे. सकाळच्या घाईत भाजीच्या पिशव्या, बाबागाड्या आणि शाळेची दप्तरे घेऊन शेकडो माणसे त्या पुलावरून जातात. त्यात व्हिएतनामी असतात, इथिओपियन असतात, आपलेही असतात. कूपर हे योर्टा योर्टा समाजातले. सत्तरी गाठल्यावर ते फुट्सक्रेला राहायला आले आणि तिथून त्यांनी राजा पंचम जॉर्ज यांच्या नावे एक अर्ज तयार केला: आमचा समाज नष्ट होण्यापासून वाचवा, आम्हाला माणसासारखे जगू द्या आणि संसदेत आमचा प्रतिनिधी असू द्या. १८१४ सह्या त्यांनी जमवल्या. मिशनवर आणि सरकारी वस्त्यांवर राहणाऱ्या, सही केल्याबद्दल शिक्षा होईल अशी भीती असलेल्या माणसांच्या त्या सह्या होत्या. अर्ज लंडनला पाठवावा म्हणून त्यांनी १९३७ साली तो सरकारकडे दिला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने तो पुढे न पाठवण्याचे ठरवले. त्याच्या काही दिवस आधी, २६ जानेवारीला, सिडनीत वसाहतीची १५० वर्षे साजरी होत असताना, कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोकदिन पाळला होता. १९४१ साली ते वारले.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे दारोदार फिरून रिकाम्या हाताने परतले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. कूपर यांना तर लंडनचे दारही दिसले नाही. त्यांचा अर्ज अडवला तो राजाने नव्हे, इथे निवडून आलेल्या सरकारने. म्हणून ‘राजा गेला की जनता सार्वभौम होईल’ असे कोणी मला सांगितले, की माझा पहिला प्रश्न असतो: कोणती जनता?

१९०१ च्या संघराज्यापासून १९७२ पर्यंतचा काळ या विषयाच्या दृष्टीने लवकर ओलांडता येतो. राज्यघटना हा ब्रिटिश संसदेचाच एक कायदा होता. त्यातले ५९वे कलम आजही असे म्हणते, की गव्हर्नर-जनरलने, म्हणजे राजाच्या इथल्या प्रतिनिधीने, मंजूर केलेला कोणताही कायदा राजाला वर्षाच्या आत रद्द करता येतो. आयरिश कॅथलिकांमध्ये इंग्लंडबद्दलची अढी होती, कामगार चळवळीत प्रजासत्ताकाची जुनी आठवण होती, पण दोन महायुद्धांनी दोन्ही मागे टाकल्या. १९५४ साली राणी एलिझाबेथ प्रथमच आली तेव्हा तिला पाहायला गावेच्या गावे रस्त्यावर लोटली. तरी १९६३ साली मेन्झीस सरकारने नव्या दशमान चलनाचे नाव ‘रॉयल’ ठेवायचे ठरवले, तेव्हा लोकांनी इतका ओरडा केला की नाव बदलून डॉलर करावे लागले. राणीला पाहायला जाणारेच खिशातल्या नाण्याला ‘रॉयल’ म्हणायला तयार नव्हते. राजप्रेम किती खोलवर होते, याचा अंदाज त्यावरून येतो.

आणि मग ११ नोव्हेंबर १९७५. या दिवसाबद्दल तपशिलात बोलणे भाग आहे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याशीच बांधलेला आहे. मजूर पक्षाचे पंतप्रधान गफ व्हिटलम यांना कनिष्ठ सभागृहात बहुमत होते; सिनेटमध्ये विरोधकांनी खर्चाची विधेयके अडवून धरली होती. व्हिटलम त्या दुपारी सिनेटच्या निम्म्या जागांची निवडणूक मागायला गव्हर्नर-जनरल सर जॉन कर यांच्याकडे गेले. कर यांनी त्यांच्या हातात बडतर्फीचे पत्र दिले. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खोलीत थांबलेले होते. काही मिनिटांत ते पंतप्रधान झाले. दुपारी सिनेटने खर्च मंजूर केला. त्यानंतर कनिष्ठ सभागृहाने फ्रेझर यांच्यावर अविश्वास व्यक्त केला आणि व्हिटलम यांना पुन्हा सरकार बनवायला बोलावावे असा ठराव केला. तो ठराव घेऊन अध्यक्ष गॉर्डन स्कोल्स यांनी गव्हर्नर-जनरलची भेट मागितली. त्यांना पावणेपाचची वेळ देण्यात आली. आणि पावणेपाचलाच कर यांच्या सचिवाने संसदेच्या पायऱ्यांवर उभे राहून संसद विसर्जित झाल्याची घोषणा वाचून दाखवली. लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा विश्वास कोणावर आहे, हे सांगायला निघालेला माणूस दारात ताटकळत ठेवला गेला आणि त्याला आत घेईपर्यंत ते सभागृहच उरले नव्हते.

स्कोल्स यांनी दुसऱ्या दिवशी राणीला पत्र लिहिले. उत्तर आले तिच्या सचिवाचे: हे अधिकार राज्यघटनेने गव्हर्नर-जनरलच्या हाती दिलेले आहेत, राणीने त्यात पडणे योग्य होणार नाही. कूपर यांचा अर्ज पाठवलाच गेला नव्हता; स्कोल्स यांचे पत्र पोहोचले आणि तसेच परत आले.

दुसरी बाजू सांगितली पाहिजे. महिन्याभरात, १३ डिसेंबरला, निवडणूक झाली आणि १२७ पैकी ९१ जागा फ्रेझर यांच्या आघाडीला मिळाल्या. जनतेनेच निकाल दिला, मग तक्रार कसली, असे राजसत्तावादी म्हणतात. पण तो निकाल एका सरकारच्या कारभारावर होता. नेमलेल्या माणसाने निवडलेल्या सरकारला पूर्वसूचना न देता काढावे की नाही, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. कर आणि राजवाडा यांच्यातली पत्रे ‘वैयक्तिक’ म्हणून बंद ठेवली होती. जेनी हॉकिंग या इतिहासकार वर्षानुवर्षे न्यायालयात लढल्या, मे २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती राष्ट्राची कागदपत्रे असल्याचा निर्णय दिला आणि जुलैत दोनशेहून अधिक पत्रे खुली झाली. बडतर्फीच्या दिवशीच्या पत्रात कर यांनी लिहिले होते, की राणीला आधी न कळलेले बरे, असे मला वाटले. त्या पत्रव्यवहारातून एक गोष्ट स्वच्छ दिसते: व्हिटलम आपल्यालाच आधी पदावरून काढायला लावतील, ही धास्ती कर यांना होती. पंतप्रधानाने राजवाड्याला कळवले की गव्हर्नर-जनरल जातो, आणि गव्हर्नर-जनरलने सही केली की पंतप्रधान जातो. देशाच्या सर्वोच्च दोन पदांमधला पेच ‘आधी कोण’ यावर सुटत असेल, तर ती घटना सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.

माझ्या दृष्टीने ऑस्ट्रेलियाच्या प्रजासत्ताकाचे खरे कारण इथे आहे. लंडनचा राजा दूर आहे, परका आहे, त्याचे कुटुंब खर्चिक आहे, हे सगळे युक्तिवाद दुय्यम आहेत. राजाच्या नावाखाली अलिखित, अमर्याद वाटणारे अधिकार एका नेमलेल्या माणसाच्या हाती पडून आहेत, राज्यघटनेत ‘पंतप्रधान’ हा शब्दसुद्धा नाही आणि मंत्री गव्हर्नर-जनरलची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात असे ६४वे कलम म्हणते, हा दोष आहे. तो दुरुस्त करायचा तर लिहावे लागेल.

१९९९ साली नेमके तेच झाले नाही. पॉल कीटिंग यांनी पंतप्रधान म्हणून १९९५ मध्ये प्रजासत्ताकाचा आराखडा संसदेत मांडला. पुढल्या वर्षी जॉन हॉवर्ड सत्तेवर आले. ते राजसत्तेचे समर्थक, पण दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये कॅनबेराच्या जुन्या संसद भवनात घटना परिषद भरवली. १५२ प्रतिनिधी, निम्मे निवडलेले आणि निम्मे नेमलेले. प्रजासत्ताक व्हावे या तत्त्वाच्या बाजूने ८९ जण होते. पण राष्ट्राध्यक्ष संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडावा, या विशिष्ट प्रस्तावाला फक्त ७३ मते मिळाली. दोन आकड्यांतले ते अंतर पुढच्या पराभवाची सूचना होती आणि ती कोणी वाचली नाही. त्या प्रस्तावात राष्ट्राध्यक्षाचे राखीव अधिकार, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविना वापरायचे अधिकार, जसेच्या तसे, जुन्या संकेतांवर सोडून दिले होते. पंतप्रधानाला राष्ट्राध्यक्षाला एका लेखी सूचनेने तात्काळ काढता येणार होते. ३० दिवसांत कनिष्ठ सभागृहाची संमती घ्यायची, पण सभागृहाने नाही म्हटले तरी काढलेला राष्ट्राध्यक्ष परत येणार नव्हता. म्हणजे १९७५ चा रोग तसाच ठेवून फक्त पाटी बदलायची होती.

६ नोव्हेंबर १९९९ ला ५४.८७ टक्के लोकांनी नकार दिला. सहापैकी एकाही राज्यात बहुमत मिळाले नाही. त्या काळच्या जनमत चाचण्यांत मात्र राजसत्ता राहावी असे म्हणणारे अल्पमतात होते. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असे म्हणणारे प्रजासत्ताकवादी राजसत्तावाद्यांच्या बरोबरीने ‘नाही’च्या बाजूला उभे राहिले आणि ‘राजकारण्यांचे प्रजासत्ताक नको’ ही घोषणा घरोघरी पोहोचली. प्रजासत्ताक चळवळीचे नेते माल्कम टर्नबुल यांनी त्या रात्री हॉवर्ड यांना देशाचे हृदय मोडणारा पंतप्रधान म्हटले. त्या रात्रीचे दुःख मी समजू शकतो, पण दोष हॉवर्ड यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. प्रजासत्ताक मागणाऱ्या नेत्यांनीच जनतेवर विश्वास ठेवला नव्हता. ‘राष्ट्राध्यक्ष तुम्ही निवडायचा नाही, तो आम्ही निवडू’ हे सार्वभौम होऊ पाहणाऱ्या माणसाला सांगायचे आणि वर त्याचा होकार मागायचा, हे जमण्यासारखे नव्हते.

थेट निवडणुकीत खरी भीती आहे, हे मी नाकारत नाही. लाखो मतांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणि सभागृहाच्या विश्वासावर टिकलेला पंतप्रधान यांच्यात ‘लोक माझ्या बाजूने आहेत’ असा झगडा उभा राहू शकतो. पण अधिकार लेखी असतील तर तो झगडा उभा राहायला जागा उरत नाही. ब्रिटनच्या शेजारच्या आयर्लंडने १९३७ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा ठरवला, त्याचे अधिकार मोजून लिहिले, आणि पंतप्रधानाशी स्पर्धा करणारा दुसरा सत्ताधीश तिथे निर्माण झाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रजासत्ताक चळवळीने २०२२ मध्ये नवा प्रस्ताव मांडला, त्यात राज्यांनी आणि केंद्रीय संसदेने उमेदवार सुचवायचे आणि लोकांनी त्यांतून निवडायचे, अशी मधली वाट काढली आहे. वाट बरी आहे, पण तिच्यावरची चर्चा पुन्हा ‘निवडणार कोण’ याच प्रश्नाभोवती फिरते. ‘निवडलेला काय करू शकतो आणि काय नाही’ हा प्रश्न मागे राहतो.

भारताकडे इथे पाहण्याचे कारण आहे. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने भारताला प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहता आले. आज राष्ट्रकुलाच्या ५६ सदस्यांपैकी १५ देशांचाच राजा हा राष्ट्रप्रमुख आहे. तरीही राजा सोडला तर राष्ट्रकुल आणि तिथले क्रीडासामने दुरावतील, अशी भीती १९९९ मध्ये घातली गेली. भारताचा दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असेल असे सांगितले होते, पण ७४व्या कलमात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचे बंधन सुरुवातीला स्पष्ट लिहिलेले नव्हते. १९७६ मध्ये ते लिहिले गेले आणि १९७८ मध्ये फेरविचाराला एकदा सल्ला परत पाठवण्याची मुभा जोडली गेली. संकेत लेखी झाल्याने राष्ट्रपतिपद कोसळले नाही. आणि जिथे आपण लिहायचे सोडले, तिथे काय होते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. राज्यपाल हे केंद्राच्या मर्जीवर टिकणारे, नेमलेले पद. गव्हर्नर या वसाहतकालीन अधिकाऱ्याचे सरळ वारस. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठून शपथविधी झाला, आणि २०२२ च्या सत्तांतरात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ११ मे २०२३ ला सांगितले. तोवर सरकार जाऊन दहा महिने झाले होते. ऑस्ट्रेलियाच्या मित्रांना मी १९७५ समजावतो, तेव्हा त्यांना जॉन कर आठवतात आणि मला मुंबईचे राजभवन आठवते.

राणी सप्टेंबर २०२२ मध्ये वारली. ती असेपर्यंत थांबू, असे म्हणणाऱ्यांची सबब तेव्हा संपायला हवी होती. एका रात्रीत ‘राणीचे वकील’ ही पदवी असलेले ज्येष्ठ वकील ‘राजाचे वकील’ झाले, जूनमधली राणीच्या वाढदिवसाची सुटी राजाच्या वाढदिवसाची झाली, आणि पाच डॉलरच्या नोटेवर मात्र नवा राजा येणार नाही असे रिझर्व्ह बँकेने ठरवले. अल्बनीज सरकारने प्रजासत्ताकासाठी एक साहाय्यक मंत्री नेमला होता. २०२४ मध्ये ते पदच रद्द झाले. मधे १४ ऑक्टोबर २०२३ ला मूळ रहिवाशांना संसदेपुढे आवाज देणारे सार्वमत ६० टक्क्यांनी हरले होते. त्यावरून बहुतेक प्रजासत्ताकवाद्यांनी निष्कर्ष काढला, की आता दशकभर सार्वमताचे नाव नको. आजवरच्या ४५ प्रस्तावांपैकी आठच मंजूर झाले, हा आकडा त्यांच्या तोंडी असतो. मला तो निष्कर्ष भ्याडपणाचा वाटतो. शिवाय तो दोन प्रश्नांना वेगळे समजतो. ज्या राजाच्या नावाने १७७० मध्ये जेम्स कुकने पूर्व किनाऱ्यावर हक्क सांगितला, ज्याच्या नावाने सरकारी जमिनीला आजही ‘क्राउन लँड’ म्हणतात, त्याच्याकडून सत्ता काढून घ्यायची तर ती परत कोणाकडे जाते, हे ठरवल्यावाचून प्रजासत्ताकाची प्रस्तावना लिहिता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळ रहिवाशांपैकी असलेल्या सिनेटर लिडिया थॉर्प यांनी राजा चार्ल्ससमोर ‘तुम्ही आमचे राजे नाही’ असे ओरडून सांगितले, तेव्हा अनेक प्रजासत्ताकवादीही ओशाळले. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घ्यावा, पण कूपर यांनी विनयाने लिहिलेल्या अर्जाचे काय झाले, हे आधी आठवावे.

आपल्या मंडळांत हा विषय निघाला की ‘आपल्याला काय करायचंय, चाललंय ते बरं चाललंय’ असे ऐकू येते. २६ जानेवारीला सकाळी तिरंग्याला वंदन करून दुपारी बार्बेक्यूला जाणारी आमची पिढी या देशात मतदार आहे, आणि इथे मतदान सक्तीचे आहे. पुढचे सार्वमत कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही, पण त्याची वाट पाहत बसण्याआधी मसुदा तयार हवा. कनिष्ठ सभागृहाचा विश्वास ज्याच्यावर आहे तोच पंतप्रधान. त्या सभागृहाचा ठराव घेऊन आलेल्या अध्यक्षाला राष्ट्रप्रमुखाने तात्काळ भेटलेच पाहिजे. विश्वास व्यक्त केलेल्या सरकारला काढता येणार नाही. आणि राष्ट्रप्रमुखाला पंतप्रधान एकट्याने हटवू शकणार नाही. चार वाक्ये आहेत. १९९९ च्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाला कोण नेमणार हे छापलेले होते. यांपैकी एकही वाक्य मागच्या प्रस्तावातही नव्हते.

विल्यम कूपर यांच्या नातवाने २०१४ साली, मी शपथ घेतली त्याच वर्षी, आजोबांच्या अर्जाची प्रत गव्हर्नर-जनरलच्या हाती दिली. राजाला लिहिलेला अर्ज पोहोचवण्यासाठी ७७ वर्षांनंतरही दुसरा पत्ता उपलब्ध नव्हता.